टेललाइट कुणाचा?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवार, सुटी, आणि नागपूरचं ऊन असं की दुपारी फाटकाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. अशा वेळी माणसाला नको ते सुचतं. मला आणि माझ्या मामेभावाला गाडीचे टेललाइट काळे करायचं सुचलं.

सामान फार लागत नाही. साडेतीनशे रुपयांचा स्मोक स्प्रेचा डबा, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं. दिवे काढायचे, साबणाने धुवायचे, काच हलकी घासायची आणि पातळ पातळ हात मारत जायचे. (काच म्हणायची आपली पद्धत. असतं ते प्लॅस्टिकच, बहुतेक वेळा ॲक्रिलिक.) पहिला प्रयत्न भर दुपारी गच्चीवर केला. रंग हवेतच वाळून दिव्यावर रवाळ बसला. सगळं घासून काढलं आणि संध्याकाळी परत बसलो. तीन हात स्मोक, वर क्लिअर लॅकर. दिवे परत लावल्यावर भाऊ चार पावलं मागे सरकून म्हणाला, "दादा, एकदम कडक दिसून राहिली नं गाडी!"

खोटं कशाला बोलू, खरंच कडक दिसत होती.

दोनेक आठवड्यांनी प्रतापनगरहून छत्रपती चौकाकडे येत होतो. संध्याकाळचे सहा, ऊन पाठीमागून सरळ गाडीच्या डिकीवर. पुढे एक ऑटो अचानक थांबला, मी ब्रेक दाबला, आणि मागून धप्प! उतरून बघतो तर एक साठीतले काका स्कूटरसकट रस्त्यावर. मनगट धरून बसले होते. पहिलं वाक्य काय, तर "भाऊ, लाइट तं लागलाच नाही नं तुमचा!"

लागला होता. नुसता दिसला नव्हता.

गर्दी जमली आणि दोन मिनिटांत निकालही लागला. मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याची. सगळे काकांनाच बोलायला लागले, "अंतर ठेवून चालवा नं काका." आणि मी? मी गप्प उभा राहिलो. काकांना दवाखान्यात नेलं, एक्सरे काढला, प्लास्टरचे पैसे भरले. सगळे म्हणाले, काय भला माणूस आहे! त्या भल्या माणसाने टेललाइटबद्दल चकार शब्द काढला नाही. हे लिहायला इतका वेळ का लागला, ते तुम्हाला समजलं असेल.

त्या रात्री झोप येईना, मग डोक्यात हिशेब सुरू झाला. व्यवसायाची सवय, दुसरं काय! समजा, स्प्रेचा एक हात ७० टक्के उजेड बाहेर जाऊ देतो. वाटतं, गेला थोडासा. पण हे आकडे वजा होत नाहीत, गुणले जातात. तीन हात म्हणजे ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७. उरला ३४ टक्के. साध्या बल्बच्या गाडीत टेललाइट ५ वॅटचा आणि ब्रेकलाइट २१ वॅटचा असतो. रात्री अंधारात २१ वॅटचे ३४ टक्केसुद्धा चमकतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. दिवसा उन्हाशी सामना असतो, तिथे तो दिवा हरतो. आम्ही टेस्टिंग कधी केलं होतं? अर्थात रात्री, गॅरेजमध्ये, दिवा बंद करून. सॉफ्टवेअरवाल्याने करू नये अशी टेस्ट!

यापेक्षा वाईट भाग पुढे आहे. बऱ्याच टेललाइटमध्ये लाल रिफ्लेक्टर असतो. गाडी बंद पडली, बॅटरी गेली, तरी मागच्याच्या हेडलाइटने तो चमकतो. पण तो उजेड रंगातून दोनदा जातो, आत शिरताना एकदा आणि परत येताना एकदा. ३४ टक्क्यांचे ३४ टक्के, म्हणजे जेमतेम १२. काही गाड्यांत बंपरवर वेगळा रिफ्लेक्टर असतो, माझ्या गाडीत तो दिव्यातच होता. आता समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर आणा. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. रात्री कडेला बंद पडलेली काळ्या दिव्यांची गाडी मागच्याला किती सेकंद आधी दिसणार?

मागच्या दिव्याने खरंच एवढा फरक पडतो का? १९७४ साली जॉन व्होएव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींना मागे एक जास्तीचा ब्रेकलाइट लावून पाहिला. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारना तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला. सगळ्यांकडे तो आल्यावर फायदा चारेक टक्क्यांवर आला, पण लाखो गाड्यांत चार टक्के म्हणजे थोडे नव्हेत. दिवा वाढवून लोक वाचतात, आणि आपण पदरचे साडेतीनशे घालून तो कमी करतो.

"पण कंपनीच काही गाड्यांना काळसर टेललाइट देते की!" हे मला भावानेही ऐकवलं. देते ना. पण तिथे आतला दिवा, त्याचा रिफ्लेक्टर आणि वरची काच हे सगळं एकत्र डिझाइन होतं आणि बाहेर किती उजेड पडतो ते मोजून मगच मंजूर होतं. गच्चीवरच्या स्प्रेला कोणी मोजलंय?

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. नियमात न बसणारा बदल मालकाने गाडीत केला, तर प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही दुरुस्ती आणणाऱ्या खात्याचे मंत्री आपल्याच नागपूरचे खासदार, हा भाग वेगळा. पण खरं सांगू? दंडाची भीती घालून कोणी सुधारत नाही. मलाही कधी कोणी अडवलं नव्हतं.

मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. सीट माझी, स्टेअरिंग माझं, म्युझिक सिस्टीम माझी. हौस करायची तर तिथे करावी, कोण अडवतंय? टेललाइट मात्र गाडी चालवताना मला कधीच दिसत नाही. पैसे मी भरतो, पण तो असतो मागच्या माणसासाठी. त्याच्याशी माझं बोलणं त्या दिव्यातूनच होतं, आणि मी दिसण्याच्या नादात त्याचाच आवाज बारीक करून ठेवला होता.

पुढच्या रविवारी पॉलिश पेपर घेऊन बसलो. रंग निघाला, पण दिवे धुरकट झाले. शेवटी नवी जोडी घेतली. साडेतीनशेची हौस काही हजारांत पडली. काकांना भेटायला गेलो तेव्हा खरं काय ते सांगितलं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग घरात हाक मारली, "चहा टाक वं." एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

असो. तुम्हीही दिवे काळे केले असतील, तर उद्या भर दुपारी कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः वीस पावलं मागे जाऊन उभे राहा. बघा दिसतो का.