‘मूळ स्वरूपा’चा सोस

३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या गाडीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपली, एवढेच खरे तर घडले होते. परंतु त्या सुमारास आणि नंतरही मराठीत ह्या गाडीवर जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यावरून आमच्या भाषेतील स्मरणरंजनाचा झरा अजून किती भरून वाहतो आहे ह्याची प्रचीती आली. काळा-पिवळा रंग, पावसातला मरीन ड्राइव्ह, मीटर पाडल्याचा आवाज, मागच्या सीटवरचे तारुण्य. ह्या मजकुरात गाडी होती, शहर होते, लेखक तर होताच होता. नव्हता तो मिस्त्री. आमचा आक्षेप आहे तो ह्या अनुपस्थितीला.

पद्मिनी ही जन्माने इटालियन. तुरिनच्या फियाट कंपनीची ‘११०० डी’ ही १९६२ ची गाडी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली, आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तुरिनमध्ये हे मॉडेल १९६६ सालीच बंद झाले होते. कुर्ल्यात ते शतक संपेपर्यंत निघत राहिले. तिचे इंजिन १०८९ सीसीचे. ह्याच घराण्यातली ‘११०० टीव्ही’ १९५३ साली इटलीत आली. टीव्ही म्हणजे ‘तुरिस्मो वेलोचे’, वेगवान प्रवासगाडी. तिच्यावर पिनिन फरिनाने देखणी कूपे घडवली. ती कूपे आज कोणाच्या दारात असेल तर तिला अभिजात म्हणतात, तिच्यासाठी उबदार गॅरेज बांधतात. आणि तिच्या चुलत बहिणीने दादरहून कुर्ल्याला चार माणसे आणि टपावर एक ट्रंक नेली म्हणून तिच्या वाट्याला शोकगीत येते. अभिजाततेची ही वाटणी साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवी वाटू नये.

मौज अशी की, ‘अभिजात’ गाडी बाळगणाऱ्याला जी गोष्ट पहिल्या वर्षातच कळते, तीच आमच्या गद्याला कळलेली नाही. अशी गाडी उभी ठेवून टिकत नाही. उभ्या गाडीतले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसते, रबरी सील सुकतात, ब्रेकच्या सिलिंडरांत ओल धरते, बॅटरी बसते. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाची चर्चा आपण सर्वांनी केली. २००३ मध्ये तिच्यावरचे सुमारे १ कोटी १३ लाखांचे सीमाशुल्क माफ झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, शेवटी शुल्क कंपनीने भरायचे ठरले. ह्या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी लिहिल्याचे आम्हांला आठवत नाही: त्या इंजिनातला टायमिंगचा पट्टा गाडी चालो वा न चालो, दर काही वर्षांनी बदलावाच लागतो. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. शुल्क एकदाच भरावे लागते, पट्टा पुन्हापुन्हा बदलावा लागतो. मालकीचा कागद आणि देखभालीचा हात ह्यांतला हा फरक आमच्या वृत्तपत्रीय नीतिशास्त्राला त्या वेळी दिसला नाही.

पद्मिनीच्या बाबतीत हा हात कोणाचा होता? इंजिन धूर टाकू लागले की हेड उतरवायचे, रिंगा बदलायच्या. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे. गाडी ‘मिसिंग’ मारते म्हटल्यावर प्लग काढून पुसायचे, पॉइंट घासायचे, मधली फट डोळ्यांनी मापायची. मागचा पाटा तुटला तर शेजारच्या लोहाराकडून पान बसवून घ्यायचे. दोन हजारोत्तर वर्षांत त्याच गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आली. त्याआधी काहींना डिझेल इंजिनही मिळाले होते. म्हणजे शेवटची पद्मिनी थांबली तेव्हा तिच्यात तुरिनचे किती आणि कुर्ल्याच्या, परळच्या, भायखळ्याच्या गल्लीतले किती, ह्याचा हिशेब मांडणे अवघड होते. आमच्या मते हेच तिचे वैभव. आमच्या लेखकांना मात्र ती ‘जशी होती तशी’ हवी असते.

शासनालाही ती तशीच हवी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ह्या मानाला पात्र. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. आणि अट अशी की ही गाडी रस्त्यावर नियमित चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, तांत्रिक संशोधन एवढ्यापुरती तिने बाहेर पडावे. जिने पोट भरण्यासाठी वर्षानुवर्षे धाव घेतली आणि त्यापायी इंजिन बदलले ती भंगारात. जी एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात आच्छादनाखाली झोपून राहिली ती वारसा. आम्ही हवेच्या प्रदूषणाचे प्रश्न नाकारीत नाही. जुन्या टॅक्सी थांबवण्याला सबळ कारणे होती. पण ‘वारसा’ ह्या शब्दाची व्याख्या करताना काम केल्याचीच शिक्षा वस्तूला द्यावी, हे आम्हांला मान्य नाही.

मूळ स्वरूपाचा हा सोस आम्ही आमच्या वर्गांतही पोसला आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस. ज्ञानेश्वरीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी अशुद्ध झालेल्या प्रती पाहून पाठ शोधला, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत ‘इंजिन खोलून पुन्हा बांधले’. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि खरा पाठ कोणता ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. वाद आवश्यक होते. परंतु लोकांच्या ओठी जी ज्ञानेश्वरी राहिली तिच्यावरून एकनाथांचा हात फिरलेला आहे, हे सांगताना आमच्या सुरात अजूनही किंचित दिलगिरी असते. ती का असावी?

‘परभणीकडच्या माणसांना इटालियन गाड्यांशी काय करायचे आहे?’ असा प्रश्न येईल. आम्ही त्याला वालूरचा दाखला देतो. सेलू तालुक्यातल्या ह्या गावी चक्राकार पायऱ्यांची एक बारव आहे. वर्षानुवर्षे ती गाळाने आणि केरकचऱ्याने बुजत गेली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनीच श्रमदानाने ती उपसली, आणि मग तिची छायाचित्रे सर्वत्र फिरली. छायाचित्रांवर मराठीत पुष्कळ सुंदर वाक्ये लिहिली गेली. स्थापत्य, भूमिती, पूर्वजांची दृष्टी. गाळ उपसणाऱ्यांच्या कामाला मात्र त्या वाक्यांत एखादे क्रियापदही क्वचितच मिळाले. कार्ब्युरेटर काय नि बारव काय, गाळ काढल्याशिवाय दोन्ही चालत नाहीत. आणि गाळ काढणारा माणूस आमच्या सौंदर्यविचारात अजून शिरलेला नाही.

त्याची भाषा तरी शिरली आहे का? ट्रकवरचा क्लीनर मराठीत ‘किन्नर’ झाला. देवलोकातल्या गायकांचे नाव ग्रीसने माखलेल्या पोराला देणारी ही भाषा आमच्या शैलीविज्ञानाच्या पेपरात का नसावी? ‘गाडी उचलत नाही’, ‘इंजिन बांधायला टाकले’, ‘पिकअप मेला’, ‘रिंग पाना दे’ ही वाक्ये आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात बोलली जातात. त्यांतल्या कित्येकांचे वडील, काका, मामा गॅरेजवर आहेत. (‘बोअर करणे’ हा प्रयोग मात्र आमच्या चर्चासत्रांनी केव्हाच आत्मसात केला आहे.) आता संगणकावर जोडून दोष दाखवणारी यंत्रे आली, पॉइंट गेले, कार्ब्युरेटर गेला. ही शब्दसंपदा वापरणारी पिढी साठी-सत्तरीत आहे. एका विद्यार्थ्याने गॅरेजच्या बोलीवर एम. फिल.चा विषय मांडला होता, तेव्हा ‘ह्यात वाङ्मयीन काय?’ असे विचारून त्याला संतसाहित्यातील भक्तिभावनेकडे वळवण्यात आले. त्या विषयावर त्याच कपाटात आधीचे पाच प्रबंध होते.

आम्ही ह्या वर्षी पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांत एक प्रकल्प लावून घेणार आहोत: परभणी, सेलू, जिंतूर, मानवत येथल्या जुन्या गॅरेजांत जाऊन शब्द गोळा करणे. प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या कामात, कोणत्या हत्यारासह, कोणाला उद्देशून वापरला जातो ह्याची नोंद हवी. पॉइंट घासायला काय वापरत, पॉलिश पेपर की काडेपेटीची बाजू, हेही लिहून घ्यायचे. पद्मिनीवर लिहू इच्छिणाऱ्या मित्रांनी आपला पुढचा लेख लांबणीवर टाकून एक दुपार आमच्याबरोबर यावे. वही आणावी, पांढरे कपडे टाळावेत.