हातचा चुकलेला हिशेब

गुडीहत्नूरच्या मराठी घरांत एक हिशेब मी नेहमी ऐकतो : पोराची मराठी शाळा सोडवा, इंग्रजी पक्की करा, परदेशी मास्तरकी करून तो डॉलर धाडील. या हिशेबात हातचा चुकला आहे. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसाच पाहा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा धरून सात देशांच्या नागरिकांना कुठल्याही विषयाची पदवी पुरते. भारतीयांसाठी 2010 मध्ये लागू झालेल्या करारानंतर दार किलकिले झाले; तेही पदवीच्या जोडीला अध्यापनाचा परवाना असेल तरच. म्हणजे भाव इंग्रजीला नाही, पासपोर्टाला आहे! मराठी, तेलुगू, हिंदी पचवून इंग्रजीकडे वळलेल्या आपल्या पोराला भाषा कशी शिकतात हे अधिक कळते. बाजाराला त्याचे मोल नाही. इंग्रजी अवश्य शिकवा. पण मराठी टाकून पासपोर्ट बदलत नाही. घर मात्र मुके होते.