भिंतीवर जागा कोणाला ?

गेल्या महिन्यांत आमचे वयोवृद्ध स्नेही अण्णा यांचे घरीं जाण्याचा योग आला. चार पिढ्यांचें नांदतें घर. चहा येईपर्यंत त्यांच्या दिवाणखान्यांतील तसबिरी पाहात बसावें, हा आमचा जुना परिपाठ. रामपंचायतन, लोकमान्य, पागोटें घातलेले अण्णांचे आजोबा, काळ्या टोपींतले वडील, अशी ती सारी मंडळी आमच्या चांगल्या परिचयाची. त्या दिवशीं मात्र त्यांच्या पंक्तीला एक अपरिचित पाहुणी बसलेली दिसली. सोनेरी केसांची, हंसतमुख अशी एक परदेशी युवती; भोंवतीं तांबडे गुलाब; आणि दोहों बाजूंस राखी रंगाचे पट्टे.

"हा आमच्या नातीचा प्रताप!" कपाळाला आंठ्या घालीत अण्णा म्हणाले. नात चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. तिला हांक मारून त्यांनीं आमच्यादेखतच विचारलें, "एका नटीला लोकमान्यांच्या शेजारीं बसवितेस, कांहीं विधिनिषेध?"

नात शांतपणें म्हणाली, "आजोबा, या भिंतीवर नऊ तसबिरी आहेत. त्यांत बायका किती, तें मोजा बरें."

मोजण्याचें काम आमच्याकडे आलें. एक सीतामाई, तीहि श्रीरामांच्या तसबिरींत. दुसरी कमळावरची लक्ष्मी. माणसांतली बाई एकहि नव्हती!

खरें सांगावयाचें तर त्या क्षणापर्यंत आम्ही मनांतून अण्णांच्याच पक्षाचे होतों. परंतु त्या चित्राची हकीकत ऐकल्यावर आमचें मत पालटलें, आणि तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

चित्रांतील स्त्री म्हणजे मेरिलिन मन्रो ही अमेरिकन नटी. ती १९६२ च्या ऑगस्टांत वारली आणि त्याच वर्षीं पॉलिन बोटी या इंग्रज तरुणीनें हें चित्र काढलें. मूळ चित्र इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टनच्या कलासंग्रहालयांत आहे. आमच्या स्नेह्यांकडे होती ती त्याची छापील प्रत. वर्तमानपत्रांतील छायाचित्रें, सिनेमाच्या जाहिराती, वेष्टनांवरील भडक रंग अशा बाजारी वस्तूंतून चित्र घडविण्याची जी रीति त्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेंत रूढ झाली, तिला 'पॉप आर्ट' म्हणतात. या पंथांतील बहुतेक नामांकित चित्रकार पुरुष. त्यांना स्त्रीचा चेहरा हा साबणाच्या वडीसारखाच बाजारांतला एक जिन्नस वाटे. अमेरिकेंतील अँडी वॉरहॉल यानेंहि त्याच वर्षीं मन्रोचा एकच चेहरा ओळीनें पन्नास वेळां छापला. बोटीच्या चित्रांत ती एकटीच आहे, खेळकर आहे, आणि दोहों बाजूंचे राखी पट्टे जणूं तिच्यावर मिटत येत आहेत. एकानें जिन्नस दाखविला. दुसरीनें मैत्रीण गेल्याचें दुःख केलें.

या बोटीचें चरित्रहि आपल्या घरांतून वाचण्याजोगें आहे. तिचा जन्म १९३८ सालचा, लंडनच्या दक्षिणेस कार्शल्टन येथला. तीन भावांच्या पाठीवर झालेली ही मुलगी. वडील हिशेबनीस आणि करड्या शिस्तीचे. आईला तरुणपणीं लंडनच्या 'स्लेड' या विख्यात कलाशाळेंत शिकण्याची मोठी हौस होती, परंतु तिच्या वडिलांनीं संमति दिली नाहीं. पुढें लेकीनें तोच हट्ट धरला, वडिलांनीं नाकें मुरडलीं, तेव्हां मात्र ही आई लेकीच्या पाठीशीं उभी राहिली. एका पिढीचें अडलेलें पाऊल दुसऱ्या पिढीनें असें पुढें टाकलें. १९५८ मध्यें मुलगी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें दाखल झाली. पण तेथेंहि चित्रकलेच्या शाखेंत मुलींना प्रवेश मिळणें दुर्घट, म्हणून रंगीत कांचकामाच्या शाखेंत नांव घालावें लागलें. चित्रें तिनें आपल्या खोलींत काढलीं.

पुढें तिनें 'इट्स अ मॅन्स वर्ल्ड', म्हणजे 'जग पुरुषांचें', या नांवाचें जोडचित्र काढलें. पहिल्यांत आइन्स्टाइन, लेनिन यांसारखे नांवाजलेले पुरुष. दुसऱ्यांत बिननांवाच्या स्त्रियांचीं विवस्त्र शरीरें. हें दुसरें चित्र दिवाणखान्यांत लावा असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. परंतु त्यांतील टोमणा कोणाला उद्देशून आहे, हें मात्र प्रत्येक पुरुषानें स्वतःशीं समजून घ्यावें.

आमच्या मनाला सर्वांत लागली ती तिच्या एका हरवलेल्या चित्राची गोष्ट. १९६३ सालीं ब्रिटनचा युद्धमंत्री प्रोफ्यूमो याचे क्रिस्टीन कीलर या तरुणीशीं पूर्वीं असलेले संबंध उजेडांत आले. संबंध जुळले तेव्हां तिचें वय अवघें एकोणीस. मंत्रिमहाशय भर पार्लमेंटांत खोटें बोलले आणि तें उघडकीस येतांच त्यांना जूनमध्यें राजीनामा द्यावा लागला. कीलरलाहि खोट्या साक्षीबद्दल, पण तें एका वेगळ्या खटल्यांत, नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तिच्यावर अन्याय झाला असें आम्ही सरसकट म्हणत नाहीं. पण पुढचा हिशेब पाहा: मंत्र्यानें लंडनच्या गरीब वस्तींत सेवाकार्य केलें आणि १९७५ मध्यें त्याला सरकारी बहुमान मिळाला, कीलर २०१७ मध्यें वारली तोंवर तिच्या नांवाला चिकटलेला डाग कोणी पुसला नाहीं. बोटीनें त्या १९६३ सालींच, सारें शहर तिच्यावर चिखलफेक करीत असतां, 'स्कँडल सिक्स्टीथ्री' हें चित्र काढलें. वरच्या बाजूस प्रकरणांतले पुरुष आणि खालीं कीलर. तें चित्र आज कोठें आहे, कोणास ठाऊक नाहीं. चित्राशेजारीं उभ्या असलेल्या बोटीचीं छायाचित्रें तेवढीं उरलीं आहेत.

खुद्द बोटीचीहि तीच गति व्हावयाची. १९६५ मध्यें ती गरोदर असतां तिला कर्करोग झाल्याचें कळलें. उपचारानें पोटांतल्या जीवाला धोका, म्हणून तिनें किरणोपचार नाकारले. १९६६ च्या फेब्रुवारींत मुलगी झाली आणि १ जुलै रोजीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, बोटी वारली. बंडखोर स्त्रियांना मायेचा पाझर नसतो असें म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. तिचीं चित्रें भावाच्या शेतावरील कोठारांत जवळजवळ तीस वर्षें धूळ खात पडलीं. डेव्हिड मेलर या कलेतिहासकारानें तीं शोधून काढलीं आणि १९९३ मध्यें लंडनच्या बार्बिकनमध्यें लोकांना पुन्हा दिसलीं. तिचें मन्रोवरील दुसरें एक चित्र आतां लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे.

ही सारी हकीकत नात सांगत असतां अण्णांच्या पत्नी माई दाराशीं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीनें नवा खिळा ठोकलेला नाहीं. तो खिळा तेथें होताच. वन्संची तसबीर होती त्यावर."

अण्णांची धाकटी बहीण नाटकांत काम करावयाचें म्हणून साठांवर वर्षांपूर्वीं घर सोडून गेली. वडिलांच्या आज्ञेवरून तिची तसबीर खालीं उतरविली ती अण्णांनींच. आमचा त्या घराशीं चाळीस वर्षांचा घरोबा, पण अशी कोणी बहीण होती हें आम्हांला त्या दिवशीं प्रथम कळलें! अण्णा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग नातीकडे न पाहतांच म्हणाले, "माळ्यावरच्या ट्रंकेंत असेल ती. कांच फुटली आहे."

गेल्या आठवड्यांत पुन्हा गेलों होतों. आत्याआजीच्या त्या पिंवळ्या पडलेल्या छायाचित्रावरून नातीनें मोठें चित्र काढावयास घेतलें आहे. पार्श्वभूमि चक्क गुलाबी. "रंग फार भडक," असा अण्णांचा आक्षेप आहे आणि तो आम्हांलाहि मान्य आहे. चित्र दिवाणखान्यांत लागावें कीं माजघरांत, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. मन्रोबाई तूर्त नातीच्या खोलींत गेल्या आहेत. खिळा मात्र कोणी उपटलेला नाहीं.

घराण्याचा लौकिक राखणें हें आम्हांला तुच्छ वाटत नाहीं. परंतु जिनें आपल्या मनाचें केलें, तिचें नांवहि घरांत उरूं नये, हा लौकिक नव्हे. हा आपला भित्रेपणा. वाचकांनीं आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपापल्या दिवाणखान्यांतील तसबिरी एकदां मोजून पाहाव्या, आणि एखादा खिळा रिकामा आढळल्यास तो कोणाचा, हें घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावें. त्यांना ठाऊक असतें.