माझा आवडता प्राणी कुत्रा : निबंधात न येणारा मुद्दा



'माझा आवडता प्राणी : कुत्रा' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, शेपटी हलवतो. वाक्यं ठरलेलीच. कुत्र्याशी माणसाने कसं वागावं यावर मात्र एकही वाक्य नसतं. म्हणून आज आपल्याच मातीतल्या एका शिकारी कुत्र्याबद्दल लिहिते आहे.

कारवानी कुत्रा तुम्ही पाहिला असेल. उंच, शिडशिडीत, लांब तोंडाचा. लातूरकडे आणि एकूणच दख्खनच्या पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात त्याचाच भाऊबंद मुधोळ म्हणून ओळखला जातो. मुधोळचे संस्थानिक घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळचं तिकीट काढलं, ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. देशी जातीचं कौतुक व्हायलाच हवं! पण हा कुत्रा धावण्यासाठी घडला आहे. तो वासापेक्षा नजरेने शिकार करतो. ससा दिसला की सुटलाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. कुत्र्याचे डोळे आणि पाय तेच राहिले.

आता हा कुत्रा आपल्या कोपरीतल्या वन बीएचकेत आणा. आईबाबा लोकलने कामाला, मुलं शाळेत आणि नंतर क्लासला. पिल्लू असेपर्यंत सगळं गोड. वर्षभरात ते एवढं उंच होतं, सोफा फाडतं, जिन्यातल्या मांजरीमागे धावतं, सोसायटीत तक्रारी सुरू होतात. मग एक दिवस मुलांना सांगितलं जातं, "त्याला गावाला सोडलं." कधी कधी हे 'गाव' म्हणजे हायवेची कडा असते. गल्लीतली कुत्री त्याला शिरू देत नाहीत आणि उकिरड्यावर पोट भरायची त्याला सवय नसते. त्यात बरगड्या दिसल्या तरी लोक म्हणतात, ही जातच बारीक!

प्राणी उपाशीतापाशी मरेल असा टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. वडापाव दोघांनी खाल्ला तरी तेवढे होतात. परदेशातही फार वेगळं नाही. स्पेनमध्ये शिकारीचा हंगाम संपला की गाल्गो जातीची कुत्री सोडून दिली जातात, आणि २०२३ च्या तिथल्या प्राणी कल्याण कायद्यातून शिकारी कुत्र्यांनाच वगळलं गेलं.

अशा कुत्र्याला नवं घर मिळू शकतं, पण घर बघून. तळमजला, अंगण, बंद कुंपण असेल तर उत्तम. घरात मांजर किंवा ससा असेल तर नको. त्याची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा सहज निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा घ्या आणि रस्त्यावर मोकळा सोडू नका. अंगावर चरबी कमी, म्हणून लादीवर जाड गोधडी हवी. नसबंदीसाठी नेलंत तर डॉक्टरांना जात आठवणीने सांगा, कारण या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात. आणि माझं स्पष्ट मत, पिल्लू विकत घेण्यापेक्षा संस्थेतून मोठं झालेलं कुत्रं आणा. त्याचा स्वभाव सांभाळणाऱ्यांना माहीत असतो, त्यामुळे फसगत कमी होते. (मुलांच्या हट्टाला "आपल्या घरात नाही जमणार" असं खरं उत्तर देणारे पालकही मला आवडतात.)

माझ्या वर्गात यंदा निबंधाला एक प्रश्न जोडला आहे : 'मे महिन्यात तुम्ही गावी गेलात तर कुत्रा कुठे राहील?' घरी विचारून उत्तर लिहून आणायचं आहे. वह्या सोमवारी तपासणार आहे.