एकट्याच्या वाट्याचे छप्पर

तालुक्याच्या बाजारपेठेत रात्री नऊच्या सुमारास दुकाने बंद होतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांनी गजबजलेल्या ओट्यांवर तासाभरात दुसरीच वस्ती उतरते. कोणी आडतीवर पोती वाहून आलेला असतो, कोणी हॉटेलात कपबशा विसळून. पहाटे झाडलोट सुरू होण्यापूर्वी ही माणसे गाठोडे आवरून निघून जातात. दुकानदाराला ती चेहऱ्याने ठाऊक असतात, नावाने क्वचितच.

बेघर म्हटले की मुंबईचे पदपथ आणि पुलाखालची बिऱ्हाडे डोळ्यांसमोर येतात. वस्तुस्थिती तेवढीच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ८ लाख ३४ हजार ग्रामीण भागातील होते. म्हणजे जवळजवळ निम्मी बेघरी खेड्यापाड्यांत, बाजारगावांत आणि बसस्थानकांच्या आवारांत आहे. त्यातही सर्वांत उपेक्षित असतो तो एकटा प्रौढ. भाऊबंदकीत घर गमावलेला, संसार मोडल्यावर गाव सोडलेला, तुरुंगातून सुटलेला किंवा अठरावे वर्ष पूर्ण होताच बालगृहाबाहेर पडलेला. त्याला काम मिळते, दोन वेळचे जेवणही मिळते. पाठ टेकण्यास हक्काची जागा मात्र मिळत नाही.

याचे कारण शासनाची अनास्था एवढेच नाही. निवाऱ्याच्या योजना ज्या मापांनी बेतल्या आहेत, त्या मापांत हा माणूस बसत नाही. पहिले माप शहराचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून दिलेल्या आदेशांमुळे आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानामुळे शहरांत रात्रनिवारे उभे राहिले. एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय आणि प्रत्येकी पन्नास चौरस फूट जागा, असा त्याचा दंडक होता. तीस-चाळीस हजार वस्तीचे तालुक्याचे गाव या हिशेबात मागे पडते आणि ग्रामपंचायतीचे बाजारगाव तर योजनेच्या कक्षेबाहेरच राहते.

दुसरे माप कुटुंबाचे. २०१६ साली सुरू झालेली ग्रामीण घरकुल योजना सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य देते; पण तिचा लाभार्थी म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले असे कुटुंब. एकट्याला स्पष्ट मनाई नाही. तरी घर बांधण्यास जागा हवी आणि गावच्या यादीत नाव हवे. ज्याने गाव सोडले, त्याचे नाव त्या गावच्या यादीतून गळते आणि नव्या गावच्या यादीत चढत नाही. शिवाय ज्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर ही यादी आधारली, तिच्या वंचिततेच्या निकषांपैकी एक असा, की कुटुंबात सोळा ते एकोणसाठ वयाचा कोणीही नसावा. चाळिशीचा एकटा हमाल या निकषात बसणार कसा?

तिसरे माप वयाचे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र तेथे साठी पूर्ण झालेली लागते. संकटग्रस्त स्त्रियांसाठी शक्ती सदनाची योजना आहे. अठरा ते साठ या वयातील एकट्या पुरुषासाठी मात्र कायद्याने आपणहून उघडलेले दार एकच दिसते, ते १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याचे. त्याखाली न्यायालय पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवू शकते. निवारा म्हणून ज्याला खोली मिळाली नाही, त्याला आरोपी ठरल्यावर कोठडी मिळावी, हा विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे.

उरतो मार्ग भाड्याच्या खोलीचा. तेथे अनामत रक्कम हवी, ओळखपत्र हवे आणि "यांना कोण ओळखते?" या प्रश्नाला उत्तर हवे. पत्ता नाही म्हणून रहिवासाचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही अडतो. व्यापारी घराण्यांना हा गुंता वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पेठेत ज्याला पत नाही त्याला उधार मिळत नाही, आणि पत मिळते ती कोणीतरी ओळख दिल्यावर. या माणसाजवळ कमाई थोडी असेलही. त्याच्याजवळ नसते ती ओळख.

अनेक धर्मशाळांच्या दारावर "एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही" अशी पाटी असते. तिच्यामागची भीती अनाठायी नाही. बंद खोलीत एखाद्याने जिवाचे बरेवाईट केले, तर पोलिसांचा ससेमिरा विश्वस्तांमागे लागतो. तरीही या नियमापुढे एक उदाहरण ठेवून पाहावे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारणारे गाडगे महाराज १९०५ साली घर सोडून निघाले, ते चिंध्या पांघरून, हाती खापर आणि खराटा घेऊन, एकटेच. आजच्या या पाटीखाली ते उभे राहिले असते, तर त्यांनाही खोली नाकारली गेली असती.

भीतीवर उपाय आहे आणि तो व्यापाऱ्यांच्या परिचयाचा आहे. घर नसलेल्या माणसाला मतदार होता येते. त्याने अर्जात लिहिलेल्या ठिकाणी तो खरोखर झोपतो का, हे पाहण्यास निवडणूक यंत्रणेचा कर्मचारी रात्री तेथे जातो. कागदाची उणीव प्रत्यक्ष पाहणीने भरून काढता येते, हे शासनानेच मान्य केले आहे. मग एखाद्या गावच्या व्यापारी संघाने आणि धर्मशाळेच्या विश्वस्तांनी मिळून यात्रेचा हंगाम वगळता चार खोल्या एकट्या श्रमिकांसाठी राखून ठेवण्यास काय हरकत आहे? ज्याच्याकडे तो काम करतो त्या दुकानदाराने ओळख द्यावी, विश्वस्तांनी छायाचित्रासह नोंद ठेवावी, पोलीस ठाण्यात कळवावे आणि महिन्याचे माफक भाडे घ्यावे. भाडे घेणे महत्त्वाचे. कारण फुकटचा निवारा माणसाला आश्रित करतो आणि भाड्याची पावती त्याला रहिवासी करते. पावतीवर त्याचे नाव असते, गावाचे नाव असते. दाखल्यासाठी अर्ज करताना त्याच्या हाती काहीतरी असते.

चार खोल्यांनी जिल्ह्याचा प्रश्न सुटणार नाही. तो सुटण्यास योजनांचीच मापे बदलावी लागतील. परंतु ज्याच्या पाठीवरून वर्षानुवर्षे आपला माल गोदामात गेला, त्याचे पूर्ण नाव विचारून घेणे एवढे तरी प्रत्येक पेढीला उद्या सकाळी करता येईल. ओळखीचा आरंभ तेथूनच होतो.