स्फोट पोटात घेणारा दिवा

'स्फोटरोधक दिवा' हा शब्द मला पटत नाही. रोधक म्हणजे अडवणारा. रसायनांच्या कारखान्यात, पेट्रोलच्या डेपोत, थिनरच्या गोदामात जाड काचेचे, लोखंडी जाळीतले जडशीळ दिवे असतात ना, त्यांना इंग्रजीत एक्सप्लोजन-प्रूफ म्हणतात. त्याचं शब्दाला शब्द ठेवून कुणीतरी स्फोटरोधक करून टाकलं. कामगार मात्र त्याला नुसतं 'फ्लेमप्रूफ' म्हणतात. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवूनसुद्धा या बाबतीत मी कामगारांच्या बाजूची आहे. कारण हा दिवा स्फोट अडवत नाहीच मुळी. तो स्फोट पोटात घेतो आणि आग बाहेर सोडत नाही.

मंडळी, मास्तरणीला हे कुठून सुचलं असं वाटेल. माझा भाचा एका औद्योगिक वसाहतीत सॉल्व्हंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. सुट्टीत आला की त्याच्याशी बोलणं होतं, आणि मला प्रश्न विचारायची खोड आहे. त्याच्याकडून ऐकलेलं आणि मग मुद्दाम वाचलेलं असं दोन्ही इथे आहे. मत मात्र माझं.

घरात गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारखान्यात मात्र पंपाच्या सीलमधून, पिंप भरताना थोडी वाफ सुटतच राहते. आणि रात्रपाळीला दिवे तर हवेतच. मग दिवा हवाबंद का करत नाहीत? तर तो तसा राहत नाही. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते, विझला की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. भाचा म्हणतो, "मावशी, फिटिंग श्वास घेते." या श्वासाबरोबर वाफ आत जाते, कधीतरी आत ठिणगी पडते आणि आतल्या आत स्फोट होतो. त्यासाठी डबा जाड आणि मजबूत केलेला असतो. खरी करामत आहे ती डबा आणि झाकण यांच्यामधल्या फटीत. दोन्ही कडा रुंद, घासून गुळगुळीत केलेल्या. मधली फट केसासारखी बारीक. पेटलेला वायू त्या लांब, अरुंद वाटेने बाहेर येईपर्यंत धातू त्याची उष्णता शोषून घेतो. बाहेर येतो तो बाहेरच्या वाफेला पेटवू न शकणारा वायू.

ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे. इंग्लंडमध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत १८१२ साली स्फोट होऊन ९२ जण गेले, त्यात लहान मुलगेही होते. पुढे १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला कंदील केला. ज्योत जाळीपर्यंत येते, तिथे थंड पडते, बाहेर जात नाही. त्याने त्याचं पेटंटही घेतलं नाही. पण जाळी गंजली किंवा फाटली की तोच कंदील जीवघेणा व्हायचा. उजेडही इतका मंद की खाणकामगार तो उघडायला बघत, म्हणून कंदिलांना कुलपं घालावी लागली. हे लक्षात ठेवा, कारण दोनशे वर्षांत माणूस काही फार बदललेला नाही.

आता दिवा निवडायचा कसा? टेंडरमध्ये 'फ्लेमप्रूफ फिटिंग, अमुक नग' एवढंच लिहून सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम दिलं, असं सर्रास होतं म्हणे. दुकानात जाऊन नुसतं 'औषध द्या' म्हणण्यासारखंच हे. कोणतं? कशावर? प्रत्येक वायूची तऱ्हा वेगळी. प्रोपेनची ज्वाळा साधारण ०.९ मिलिमीटरच्या फटीत अडते, हायड्रोजनची मात्र ०.३ मिलिमीटरच्या आसपासच्या फटीतूनही निसटू बघते. म्हणून वायूंचे गट केलेत : प्रोपेनसारखे टू-ए मध्ये, इथिलीन टू-बी मध्ये, हायड्रोजन आणि ॲसिटिलीन टू-सी मध्ये. टू-ए चा दिवा हायड्रोजनच्या खोलीत लावला तर दिसायला सगळं ठीकठाक, आणि उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट तापण्याची. ठिणगी न पडताही नुसत्या तापलेल्या पृष्ठभागाने वाफ पेटते. टोल्युइनला त्यासाठी ४८० अंशांच्या आसपास लागतात, ईथरला १६० ते १८० पुरतात, आणि कार्बन डायसल्फाइडला तर १०० च्या जवळपासच. म्हणून दिव्यावर टी-१ ते टी-६ असा शिक्का असतो. टी-३ चा दिवा २०० अंशांच्या वर तापता कामा नये, टी-४ चा १३५ च्या, टी-६ चा ८५ च्या. ईथरच्या जागी टी-३ चा दिवा लावणं म्हणजे तापलेला तवाच टांगणं.

जागेचीही वर्गवारी असते. जिथे वाफ कायम असते ती झोन ०, म्हणजे टाकीच्या आत वगैरे. तिथे हा फ्लेमप्रूफ दिवा चालतच नाही. नेहमीच्या कामात अधूनमधून वाफ येते ती झोन १, क्वचित आणि थोडा वेळ येते ती झोन २. पीठ, साखर यांच्या धुळीचे झोन वेगळे आणि दिवेही वेगळे, कारण धूळ दिव्यावर थर धरून बसते आणि खाली दिवा तापत राहतो. साखर ती काय पेटणार, असं वाटत असेल तर अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थला २००८ मध्ये साखरेच्या धुळीच्या स्फोटात १४ कामगार गेले ते आठवावं. तिथे कारण दिवा नव्हता, पण धूळ काय करते ते कळतं.

यावर माझं साधं म्हणणं असं, की पहिला प्रश्न 'कोणता दिवा?' हा नसावाच. 'दिवा आत हवाच का?' हा असावा. छोट्या गोदामाला भिंतीत पक्की बंद काच बसवून दिवा बाहेरून लावता येतो. उजेड आत, वायर बाहेर. या विषयाचे जाणकारही शक्य तेवढी विजेची उपकरणं धोक्याच्या जागेबाहेरच ठेवा म्हणतात. पण तसं केलं की खरेदीची फाईल छोटी होते. असो!

बरं, योग्य दिवा आणला. आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था आहे, तिची मंजुरीही आहे. धनबादच्या प्रयोगशाळेत चाचणी झालेली आहे. इथपर्यंत शिकलेल्या माणसांचं काम झालं. यापुढे तो दिवा शिडीवर चढलेल्या एका कंत्राटी वायरमनच्या हातात असतो.

झाकणाला आठ बोल्ट असतील तर आठही हवेत. भाच्याने मला फोटो दाखवला, त्यात पाचच होते. बाकीचे पडले तेव्हा हरवले असतील, किंवा परत चढायचा कंटाळा. तीन बोल्ट नाहीत म्हणजे स्फोटाच्या दाबाने झाकण तिथे उचललं जाणार आणि ती केसाएवढी फट बोटाएवढी होणार. दुसऱ्या एका दिव्यात पावसाचं पाणी जात होतं म्हणून कडांना पुट्टी भरलेली. तिसऱ्याच्या कडांवर रंगाचा हात फिरलेला. एकाचं झाकण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेलं, कडेवर हा एवढा ओरखडा. केबल जिथून आत शिरते तिथे साधीच ग्लँड, आणि न वापरलेलं भोक चिंधी कोंबून बंद केलेलं. जुना दिवा उपटून त्याच डब्यात बाजारातला एलईडी बसवणं ही तर नवी फॅशन. मंजुरी त्या डब्याला त्याच्या पोटातल्या सगळ्या सामानासकट मिळालेली असते. सामान बदललं की मंजुरी संपली. काच काळी पडून उजेड कमी झाला की माणसं मोबाईलचा टॉर्च लावून पिंपाचं लेबल वाचतात. डेव्हीचे खाणकामगार तरी काय वेगळं करत होते?

यात त्या वायरमनला बोल लावायला मी तयार नाही. झाकणावर एक सूचना कोरलेली असते, वीज बंद केल्याशिवाय उघडू नका म्हणून. ती इंग्रजीत. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत, आणि तेही स्टोअरमधल्या खोक्यात राहतं. शिडीवरचा मुलगा बीडचा नाहीतर बिहारचा, त्याला दिवसाला किती दिवे बसवले यावर पैसे. फट कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. 'स्फोटरोधक' म्हटलं की त्याला वाटणार, डबा भक्कम आहे, तीन बोल्ट नसले म्हणून काय बिघडतं? फट दिसली की चांगला कारागीर ती बुजवणारच! १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं, की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेतही असाव्यात. त्याच कायद्यात, ज्वलनशील वाफ असू शकेल अशा टाकीत फ्लेमप्रूफशिवाय दुसरा दिवा नेऊ नये, हेही होतं. दुसरं पाळायचं तर पहिलं आधी पाळायला हवं, एवढं साधं गणित आहे.

भाच्याने गेल्या दिवाळीत मला कामाला लावलं. एका पानात, मराठीत, शिडीवर चढण्याआधी वाचता येईल असं लिहून दे म्हणाला. 'फ्लेम पाथ'ला काय म्हणायचं यावर आमचं तासभर चाललं होतं. 'ज्वालामार्ग' मी खोडला, ते पुस्तकी. शेवटी लिहिलं : "झाकणाच्या कडेची फट मुद्दाम ठेवलेली आहे. आतली आग या फटीत विझते. ती बुजवू नका, रंगवू नका, खरवडू नका. जेवढे बोल्ट काढाल तेवढे परत लावा. एक हरवला तर दिवा चालू करू नका, खाली येऊन सांगा."

"खाली येऊन सांगा" हे भाच्याने घालायला लावलं. बोल्ट हरवला म्हणून सांगायला येणाऱ्याचे त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत, हे त्याने कंत्राटदाराकडून लिहून मागितलंय. ते अजून आलेलं नाही.