शेजाऱ्यांच्या मृत्यूंचा सोयीचा हिशेब

करोनाकाळात स्वीडनने काहीच बंद केलं नाही, नॉर्वे-डेन्मार्क-फिनलंडने दारं लावून घेतली, आणि तीन वर्षांनी हिशेब सारखाच निघाला, असं एक विद्वान हल्ली व्यासपीठ मिळेल तिथे ऐकवतात. कुणी 2020चे आकडे काढले, तर उत्तर तयार असतं : नॉर्वे म्हणजे नुसते डोंगर आणि खाड्या, वस्ती विरळ, तिथे साथ पसरणार कशी? श्रोते माना डोलावतात. मला संताप येतो.

आधी विरळ वस्तीचं बघू. 2020 अखेर स्वीडनमध्ये करोनाने नऊ हजारांवर माणसं दगावली होती, डेन्मार्कमध्ये सुमारे तेराशे आणि नॉर्वेत पाचशेच्या आत. स्वीडनची लोकसंख्या 1 कोटी 3 लाख, डेन्मार्कची 58 लाख, नॉर्वेची 54 लाख. लोकसंख्येच्या प्रमाणात स्वीडनचे मृत्यू डेन्मार्कच्या चौपट, नॉर्वेच्या जवळजवळ दसपट. आता दाटी मोजा. चौरस किलोमीटरमागे नॉर्वेत सुमारे 15 माणसं, स्वीडनमध्ये 25, आणि डेन्मार्कमध्ये 130च्या वर! विरळपणा तारतो म्हणता, तर सगळ्यांत जास्त होरपळायला हवं होतं डेन्मार्कने. विरळपणाचा मुद्दा काढताना हे विद्वान तो देशच गाळतात. शिवाय उत्तर स्वीडनमधली मैलोन् मैल रिकामी जंगलं सरासरीत धरून स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेतली गर्दी कशी कमी होणार? नॉर्वेची माणसंही डोंगरावर एकेकटी राहत नाहीत, बहुतेक शहरांतच राहतात. आल्प्समधून स्कीइंग करून परतलेल्यांनी विषाणू ओस्लोतही आणला होताच.

अशा नकाशावरच्या युक्तिवादांचा मला जुना अनुभव आहे. 2020च्या वसंतात क्षयरोगावरची बीसीजी लस करोनापासून तारते, या सिद्धान्ताचं असंच पेव फुटलं होतं. पोर्तुगालमध्ये ही लस अगदी अलीकडेपर्यंत सरसकट दिली जात होती, स्पेनने 1981मध्येच सोडली, म्हणून पोर्तुगाल वाचला! आपल्या दंडावरचा व्रण दाखवत कितीतरी शहाणी माणसं तेव्हा निर्धास्त झाली. जानेवारी 2021मध्ये तोच पोर्तुगाल लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वाधिक बाधित देशांत जाऊन बसला. सिद्धान्त मांडणाऱ्यांपैकी कुणी तो जाहीरपणे मागे घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

‘काहीच बंद केलं नाही’ हे तर धादांत खोटं : स्वीडनमध्येही वरच्या वर्गांच्या शाळा आणि विद्यापीठं घरून चालली, पन्नासहून मोठ्या जमावांवर बंदी होती.

आता तीन वर्षांचा हिशेब. 2020 ते 2022 मिळून स्वीडनमधले अतिरिक्त मृत्यू युरोपात सर्वांत कमी असलेल्यांत मोडतात, हे खरं. पण शेजाऱ्यांकडे मृत्यू वाढले ते मुख्यतः 2022मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, लस टोचून झाल्यावर, निर्बंध उठल्यावर. ज्या म्हाताऱ्या माणसाला 2020च्या एप्रिलमध्ये जावं लागलं, त्याचं आयुष्य दोन वर्षांनी गेलेल्याच्या आयुष्याएवढंच भरलं का? अशी वर्षं कापून बेरीज जुळवायची, याला मी हिशेब म्हणत नाही.

मग फरक कशाने पडला? माझ्या मते तारखांनी आणि कामाच्या पद्धतीने. नॉर्वेने 12 मार्चलाच कडक पावलं उचलली. आल्प्सला स्कीइंगला जायची ती शाळांची हिवाळी सुट्टी स्टॉकहोममध्ये फेब्रुवारीच्या अगदी अखेरीस आली, माल्मोकडची त्याआधीच्या आठवड्यात. नियम तेच असूनही पहिल्या लाटेत माल्मोचा, दक्षिणेकडचा स्कोने प्रांत स्टॉकहोमपेक्षा खूपच कमी होरपळला. आणि वृद्धाश्रम! तिथे तासांवर पगार घेणाऱ्या, प्रशिक्षण नसलेल्या बायामाणसांकडे वेळेवर मास्कही नव्हते. नातेवाइकांच्या भेटींवर देशभर बंदी आली ती 1 एप्रिलला. स्वीडनच्याच चौकशी आयोगाने डिसेंबर 2020मध्ये सांगितलं, की मृतांपैकी जवळजवळ 90 टक्के सत्तरी ओलांडलेले होते आणि निम्मे वृद्धाश्रमांत राहत होते. वृद्धांच्या निगेतल्या जुन्या उणिवा आयोगाने तेव्हाच्याच नव्हे, तर आधीच्या सरकारांच्याही पदरात घातल्या.

म्हणून दोन देशांची तुलना करायचीच, तर लाटेवार करा, प्रांतवार करा, वयानुसार करा. वृद्धाश्रमांचा रकाना वेगळा काढा आणि डेन्मार्कला यादीत ठेवा.